दीड विटेचा पोवळा

रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला मी कोसाडच्या घरी पोचतो, तेव्हा कानात लूम चालूच असतात. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मी मास्टर आहे; बिघडलेले लूम लावून देतो. बारा तास लूमांच्या रांगांतून फिरल्यावर शांतता ऐकू यायला अर्धा तास जातो, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. तो अर्धा तास मी मागच्या अंगणाच्या पायरीवर चहा घेऊन बसतो. अंगण दहा फूट बाय बारा. डोळे उघडे असतात, पण माणूस अर्धा झोपेत असतो. समोरची भिंत जराशी हलते. जास्वंदीचं पान मोठं होतं, पुन्हा लहान होतं.

चार वर्षांपूर्वी आषाढातल्या अशाच एका सकाळी कोपऱ्यातल्या विटांखालून बुटाची तपकिरी नाडी बाहेर आली आणि चालू लागली. घर बांधताना उरलेल्या त्या विटा, एक कुजलेली फळी आणि वर साचलेला पाला, एवढाच तो ढीग होता. नाडीचं डोकं काळं होतं, शेपटीवर दोन काळी कडी होती. मी कप खाली ठेवला तशी तिनं शेपटी उचलून गोल वळवली. खालची बाजू फिकट निळी दिसली. मग ती विटेला लागून सरकत गेली. वीट नऊ इंची; साप दीड विटेला थोडा कमी भरला.

मला ते स्वप्नच वाटलं असतं, पण स्वप्नात मी मापं घेत नाही.

शेजारी एक गुजराती काका राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आता लोकांच्या घरात निघालेले साप रानात नेऊन सोडतात. मी कड्यांचं वर्णन केलं तसे ते हातातलं वर्तमानपत्र घेऊनच आले.

"पोवळा," ते म्हणाले. "एवढे साप पाहिले, पण हा आयुष्यात तीनदाच. हात लावू नका, विषारी आहे. पण तो आपणहून तुमच्या वाटेला जायचा नाही. आणि हा ढीग, भाई, हलवू नका. ढिगात मुंग्या आहेत, मुंग्यांची अंडी खायला वाळा आहे आणि वाळा खायला हा."

वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा आंधळा साप. मी इतके दिवस त्यांना गांडुळंच समजत होतो.

मी वही केली. तारीख, वेळ, किती क्षण दिसला. नागपंचमीपर्यंत सहा नोंदी झाल्या. सकाळचा तो अर्धा तास आता त्याचा झाला होता. खात्यात मध्यरात्रीनंतर ताण्याचा एखादा उभा तपकिरी धागा सैल होऊन हलला, तरी मला अंगण दिसायचं.

आम्ही मूळचे खानदेशातले, पोटासाठी या गुजराती मुलखात आलेलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, त्यासाठी आधी सगळं घर धुऊन, चुना देऊन घ्यायचं असतं. त्या वर्षी भाऊबंद आमच्या घरी जमणार होते. पंचमीच्या सकाळी मी फावडं काढलं, तर बायकोनं दारातच अडवलं.

"आज माटीले हात लावू नका. नागोबाना दिन शे."

"मग ढीग राहू दे का?"

"ऱ्हाऊ कसाले? बावीस माणसं येतीन, पोरे उघड्या पायनी खेळतीन. उद्या सकाळ काढा."

तिचं चुकत नव्हतं. साप विषारी आहे हे मीच तिला सांगितलं होतं. मी फावडं भिंतीला टेकवलं, पाटावर काढलेल्या नागाला दूध-लाह्या वाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पायरीवर न बसता, ढीग उपसला. विटा गल्लीबाहेर नेल्या, पाला जाळला, कोपऱ्यात चुना टाकला. खाली साप सापडला नाही. वाळे मात्र बरेच निघाले. ते मी मोजले नाहीत. मी न मोजलेली गोष्ट एवढीच.

काकांनी कुंपणावरून पाहिलं. "पहेले दिवसे दूध, बीजे दिवसे पावडो," एवढंच म्हणाले, काल दूध आणि आज फावडं, आणि आत गेले.

पुढच्या पावसाळ्यात वहीचं पान कोरं राहिलं. मी पायरीवर बसायचो, पण भिंतीकडे बघून झोपच यायची. आश्विनात मी बायकोला विचारलं, कोपरा पुन्हा पहिल्यासारखा करू का. तिनं अट घातली: दोन फूट उंच विटांचं आळं, आत कोणी पाय टाकायचा नाही आणि आळ्याच्या बाहेर एक पानही सांडायचं नाही. काकांनी चुन्याची माती खरवडून काढायला लावली, आपल्या आंब्याखालचा ओला पाला पाठवला. "खालच्या विटेत बोटभर फट ठेवा," म्हणाले. "जाणारा कुठूनही जातो, येणाऱ्याला वाट लागते."

आळ्याचं पहिलं वर्ष कोरंच गेलं, दुसऱ्या वर्षी मुंग्या आल्या. श्रावणात पहिला वाळा दिसला, दिवाळीपर्यंत चार. पोवळा नाही. मी तेवढंच लिहिलं.

यंदा नागपंचमीच्या दोन दिवस आधी सकाळी पावणेआठला भिंत नेहमीप्रमाणे हलली. मग तिच्या पायथ्याचा एक धागा हलला, आणि तो हलतच राहिला. दोन कडी. आळ्याच्या फटीतून निघाला, ओल्या पाल्याशी थांबला, परत आत गेला. एक वीट आणि वर चार बोटं. म्हणजे तो जुना नव्हे. असेल तर त्याचं पोर. चहावर साय धरली होती. मी वहीत 'एक' लिहिलं आणि बराच वेळ तो शब्द बघत बसलो.

रविवारसाठी चुना झाला. बायकोनं सगळ्या भिंतींना दिला, आळ्यामागची तीन फूट तेवढी सोडली. मग कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू काढायला बसली. घरच्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ असा हिशेब असतो. घरात आम्ही पुरुष पाच. तिनं सहावी घेतली.

"ही कोणाची?"

"त्या कोपरावालानी."

"तो नर आहे कशावरून?"

"तुमनी वहीमा लिखेल नही का?"

नव्हतं लिहिलेलं. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही, आणि हातात घ्यायचा नाही. तेव्हा ती मूठ गव्हात तशीच राहिली. रोट घरच्यांनीच संपवायचा असतो आणि तो तर गहू खात नाही. त्याच्या वाटणीचा मी खाल्ला, पायरीवर बसून.