घाटकोपरहून आणलेला रस्सा

माझ्या गाडीत काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवा, मुलुंडहून नाशिकला नेतो, वरची साय फाटणार नाही, असं मी आमच्या सोसायटीत निदान दोनशे जणांना ऐकवलं असेल. सोसायटीत माणसं ऐंशीच आहेत, म्हणजे बघा.

त्यामुळे वीस दिवसांच्या तापातून उठलेली आई एका रविवारी म्हणाली, "तिसऱ्यांचो रस्सो खावचो वाटता," तेव्हा मी चावी फिरवतच उठलो. वीस दिवस पेजेवर काढलेल्या बाईने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. तेही शिंपल्यांचा रस्सा, घाटकोपरच्या काकूंच्या हातचाच. काकू आमच्याच गावच्या, तिथे लहानशी खानावळ चालवतात.

काकूंचं पार्सल म्हणजे जलदुर्ग. वडे वेगळे कागदात, रस्सा पिशवीत, पिशवीला पीळ, पिळाला गाठ, गाठीवर रबर, वर आणखी एक पिशवी. गाडीपर्यंत आल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "झिला, सीटवर नको हां. प्लास्टिकवरसून घसारतला. खाली पायाकडे ठेव."

सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक आम्ही तीन वर्षं झाली तरी काढलेलं नाही. सीट नवी राहते. आणि पायाशी होती कोरी मॅट. तिच्यावर तिसऱ्यांचा रस्सा?

"काकू, मी गाडी चालवत नाही, पाळणा हलवतो," म्हणालो आणि पार्सल सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला.

कांजूरला खड्डा आला. आत अख्खी रिक्षा उभी राहिली असती, मीटरसकट! ...नाही, खरं सांगतो. वीतभर होता. मी फोनवर एका मित्राला पट्ट्याची गंमत सांगत होतो, म्हणून दिसला नाही. ब्रेक दाबला, पार्सल पट्ट्याखालून सटकलं, पुढे आपटलं आणि फुटलं. पिशवी उभी फाटली होती. काकूंची गाठ तशीच घट्ट.

घरी आई केस विंचरून ताटावर बसली होती. मी कोरडे वडे पुढे ठेवले आणि म्हणालो, "काकूंनी गाठ सैल मारली गं. सगळं सांडलं."

आईने ताट सरकवलं. फोन लावला, तोही स्पीकरवर. "अगो, इतक्या वर्षांत तुझी गाठ कधी सुटूक नाय. आजच कशी सुटली?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "होय गो, चुकला माझा. घाईत होतंय."

चार वाजता त्या स्वतः दारात. हातात स्टीलचा डबा, कपाळावर घाम. आई दोन वडे जेवली, वाटी बोटाने पुसून चाटली. वीस दिवसांनी. मी दाराआडून बघत होतो; समोर जायची हिंमत नव्हती.

"तिका घराकडे सोडून ये रे," आई म्हणाली.

गाडीत रस्त्यात मी तोंड उघडलं, "काकू, ती गाठ..."

"माका ठाऊक हा. माझी गाठ मीच कात्रीन कापतंय, ती सुटता खयं?" त्या समोर बघत म्हणाल्या. "आवशीक सांगू नको. आज जेवली ती. तुझ्यावर चिडान परत जेवण सोडीत."

मी मान हलवली. तेव्हा मला हायसं वाटलं. आईची काळजी मिटली म्हणून नव्हे, मी वाचलो म्हणून. आईला मी अजून सांगितलेलं नाही. आता ती ठणठणीत आहे, तरीही.