टाइल्सवरचा पंजा

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आई आज घरी येणार, म्हणून तिचं तेलकट स्वयंपाकघर मी घासायला काढलं. शेगडीशेजारच्या टाइल्सवर स्प्रे मारला. पिवळट फेस ओघळला आणि माझा हात थबकला. चिकट थराच्या मधोमध पंजाएवढी जागा आधीच स्वच्छ होती. जिथं रोज हात टेकतो, तिथं तेल बसत नाही. पोळ्या भाजताना आई तिथं टेकून उभी राहायची, आणि आम्ही ताटावरून ओरडायचो, “आई, अजून एक!”

तेवढ्यात ती आलीच. वॉकर सोडून, सवयीनं तिचा हात त्याच टाइल्सकडे गेला.

“आई, थांब! निसरडं आहे!”

मी हात पुढे केला. तिनं सगळा भार टाकला. इतकी वर्षं भिंतीनं पेललेला तो भार मला क्षणभरही पेलवेना.