मावशीचं फुकटचं तारण

माझ्या मावशीइतकं ठामपणे स्वर्गात जागा धरून बसलेलं माणूस मी अख्ख्या कोल्हापुरात दुसरं पाहिलं नाही. जयसिंगपूरच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकावा तशी तिनं ती धरली होती, आणि रुमालसुद्धा आपला नाही, प्रभू येशूचा आहे, असं वर सांगायची.

मावशी प्रोटेस्टंट, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. काका बेळगावकडचे कॅथलिक, स्वभावानं गरीब. लग्नानंतर दोघांनीही आपापलं चर्च सोडलं नाही. रविवारी काका तिला स्कूटरवरून तिच्या चर्चपाशी उतरवायचे, मग स्वतः आपल्या चर्चात मिस्साच्या उपासनेला जायचे, आणि परतीच्या वाटेवर वाद सुरू व्हायचा. मावशी म्हणायची, माणूस तरतो, त्याचं तारण होतं, ते देवाच्या कृपेनं, नुसत्या विश्वासानं. काका म्हणायचे, कृपा तर हवीच, पण विश्वासाला सत्कृत्यांची जोड लागते. शिवाय मेल्यावर उरलासुरला मळ धुवायला आत्म्याला शुद्धिस्थानात थांबावं लागतं आणि तिथं मागं राहिलेल्यांच्या प्रार्थना कामी येतात. "म्हंजे प्रभूनं क्रुसावर अर्धंच काम केलं काय?" मावशी मागून विचारायची, आणि सिग्नलला थांबलेली माणसं वळून बघायची.

आता गंमत अशी की सत्कृत्यांना कवडीची किंमत न देणारी ही बाई दिवसभर तेवढंच करत असायची. कसबा बावड्यात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती. तिच्या पाठीच्या जखमा धुवायला मावशी दोन वर्षं रोज बसनं गेली. एकदा काकांच्या चर्चचे फादर तिथं भेटले आणि कौतुकानं म्हणाले, "बाई, हे देवाकडं वाया जाणार नाही." मावशीनं हातातला कापसाचा बोळा भांड्यात टाकला. "फादर, ह्यातलं काय बी माझ्या नावावर धरू नका. माझं तारण कवाच झालंय, फुकटात. म्हणून तर मला हितं यायला सवड हाय."

पुढं काका आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मी गेल्यावर फादरांना माझ्यासाठी मिस्सा सांग."

"तुमी कुठं अडकत न्हाईसा," मावशी म्हणाली.

"तरी सांग. मला भीती वाटते गं."

मावशीनं 'सांगीन' म्हणून मान डोलावली.

काका गेले तेव्हा तिच्या चर्चचे पाळक घरी आले आणि हळूच म्हणाले, "मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात बसत नाही, बाई." मावशीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. "मला शिकवू नका. तुमच्याआधीपास्नं मला ठावं हाय. पर मी शब्द दिलाय."

महिन्यानं मिस्सा झाला. मी तिच्याबरोबर गेलो होतो. ती पहिल्याच बाकावर ताठ बसली; सगळ्यांनी गुडघे टेकले तरी ती हलली नाही. फादरांनी काकांचं नाव घेऊन त्यांच्या आत्म्याची शुद्धिस्थानातून लवकर सुटका व्हावी अशी प्रार्थना सुरू केली. मावशी बसल्या जागेवरून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते पोचल्यात."

फादर थांबले. सगळं चर्च तिच्याकडं बघायला लागलं.

"चालू द्या की," ती म्हणाली. "तुमी तुमचं म्हणा. मी माझं म्हणलं."

पुढं दर वर्षी काका गेले त्या तारखेला तिनं मिस्सा सांगितला. दर वर्षी तशीच ताठ बसली. तिच्या चर्चमधल्या दोन-तीन बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्याचंही तिनं काही मनावर घेतलं नाही. एकदा, मिस्साहून परत येताना, रिक्षात मी धीर करून विचारलं, "मावशी, तुला पटत नाही, तर मग जातेस कशाला?"

"मला पटायचा काय संबंध?" ती म्हणाली. "भ्या त्यास्नी वाटत हुतं. भ्यालेल्या माणसाला एकटं सोडत न्हाईत."