झिरो लेव्हलची न्हाणी

सिमेंटची पोती संपतात, पण न्हाणीचे किस्से काही संपत नाहीत! आमच्याकडे पाहुणे आले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ते न्हाणीचं सांग की!" मग मला कोण आवरणार?

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. बाबा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात टर्नर, लेथ मशीनवर लोखंड कातणारे. आमच्या न्हाणीतली शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झालेली. आई तिच्यावरून घसरली आणि गुडघा धरून बसली. पायाचं प्लॅस्टर निघालं तशी गडहिंग्लजला आपल्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, गेली. जाताना बजावून गेली, "न्हाणी धड होईस्तवर मी काय येत न्हाय!"

सगळे म्हणाले, गवंडी बोलवा. बाबा ऐकतात होय! "लेथवर केसाएवढा फरक पकडणारी माणसं आम्ही. चार फरश्या बसवायला गवंडी?" वर्कशॉपातले दोन दोस्त त्यांनी हाताशी धरले. एक फिटर शंकरकाका, दुसरे तालमीत अंग कमावलेले दादूकाका. कामाचा वार रविवार.

*

पहिल्या रविवारी दादूकाकांनी जुना गिलावा काढायला घेतला. बाबा म्हणाले, "जरा हळू मार." दादूकाकांना हळू हा प्रकार ठाऊकच नव्हता! दोन-तीन घाव घातले आणि भिंतीला हे भलंमोठं भगदाड!

पलीकडं शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी भगदाडातनं दादूकाकांकडं पाहिलं, परात जरा बाजूला सरकवली आणि विचारलं, "पावणं, जेवणार का नुस्ता च्या?"

*

टाइल्स आणायला मी बाबांबरोबर गेले होते. बाबांनी खिशातनं वर्कशॉपातलं व्हर्निअर काढलं आणि दुकानातच फतकल मारून एकेक टाइल मापायला लागले. "ही अर्धा मिलिमीटर मोठी. रिजेक्ट! ही पण रिजेक्ट!"

गिऱ्हाइकं गोळा झाली. मी लाजेनं दुसरीकडं बघत उभी. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "पावणं, आंघोळच करायची हाय न्हवं? का रॉकेट सोडायचंय?"

*

अधूनमधून काकूंच्या घरी आईचा फोन यायचा. ती विचारायची, "जेवलासा काय?" बाबा सांगायचे, "टाइल्स आल्या." ती विचारायची, "झोप लागती का?" बाबा म्हणायचे, "कोपऱ्यातल्या टाइल्स राहिल्यात."

फोन ठेवला की घरी येऊन धुतलेली थापी परत धूत बसायचे. आईवाचून त्यांना अजिबात करमत नव्हतं, पण बोलून दाखवतील तर शपथ! शंकरकाका एकदा म्हणालेच, "अण्णा, येष्टी पकडा आन जावा की भेटून!"

"काय तोंडानं जाऊ? न्हाणी कुठं झालीया?"

*

भिंतीचं भगदाड बुजवून झालं. फरशीचं काम शंकरकाकांकडं. गुडघ्यावर बसून त्यांनी इंच न् इंच स्पिरिट लेव्हल फिरवली. "झिरो! कुठंबी ठेवा, बुडबुडा मधोमध!" तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. उद्घाटन म्हणून बाबांनी बादलीभर पाणी ओतलं.

पाणी पसरलं आणि थांबलं. जाळी कोपऱ्यात, पाणी न्हाणीभर! बाबांचा चेहरा पडला. शंकरकाका मात्र छाती फुगवून म्हणाले, "काय लेव्हल हाय बगा! पाणीसुदिक हलंना!"

फरशी परत उखडली. या वेळी जाळीकडं उतार देऊन बसवली.

*

एकदाची आई आली. पायाखाली खरबरीत टाइल्स, बसायला कट्टा, धरायला बाबांनी स्वतः लेथवर घासूनपुसून केलेला स्टीलचा दांडा. तिनं सगळ्यावरनं हात फिरवला. मग आत जाऊन दार लोटलं आणि लगेच डोकं बाहेर काढलं.

"अहो, आतनं कडी कुठाय?"

"लावली न्हाय."

"विसरलासा व्हय?"

"न्हाय. तू आत पडलीस तर दार फोडत बसू काय?"

"आन कोण आलं तर?"

बाबांनी दाराबाहेर स्टूल मांडलं, दाराकडं पाठ केली आणि पेपर उघडला. "कोण येतंय तेच बघतो की!"

मग ते रोजचंच झालं. आतनं आई विचारायची, "बसलायसा न्हवं?" बाहेरनं बाबा, "बसलोय की!"

पुढं आईचा गुडघा पार बरा झाला. जिना भराभरा चढायला लागली. एका दिवाळीला माझ्या भावानं छान पितळी कडी आणली आणि ड्रिल घेऊन तो दारापाशी बसला. आईनं त्याच्या हातातनं कडी काढून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. टॉवेल खांद्यावर घेतला आणि बाबांना हाक मारली, "अहो, पेपर आला काय?"