भिमाआबांची अँबॅसिडर पाणी पिते

कवठे येमाईच्या भिमा कोळप्यांनी १९९८ साली मेंढरं विकली आणि शिरूरच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी अँबॅसिडर घेतली. गावात यावर बरंच बोललं गेलं. मी काही बोललो नाही. मी, सोपानराव, आबांचा शेजारी आणि शिरूर डेपोचा कंडक्टर. खाजगी वाहनांविषयीचं माझं मत कुणी विचारायची गरज पडत नसे, ते तोंडावर दिसायचं.

माझी एसटी मलठणच्या अलीकडच्या ओढ्याला आली की तिथं ही अँबॅसिडर बॉनेट वर करून उभी असायची. आबा लाल पटका सावरत, घोंगडीचं टोक हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडत असायचे. वाफेचा लोट उठायचा. मी खिडकीतून ओरडायचो, "काय झालं, आबा?"

"काय न्हाई. पाणी पाजतुय."

ते खोटं बोलत नव्हते. गाडीत बिघाड आहे हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. उभी हयात मेंढरांमागं गेलेली. कवठ्यापासून पार भीमा नदीपर्यंत कुठला ओढा कधी आटतो, कुठल्या विहिरीचा मालक अंगावर धावून येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. गाडी ते रस्त्यानं चालवत नव्हते, पाणवठ्या-पाणवठ्यानं चालवत होते. चालणारं जनावर पाणी पिणारच, त्यात काय विशेष? उलट माझीच गाडी इतका वेळ पाण्यावाचून धावते, याची त्यांना काळजी वाटायची.

त्यांची बायको तानुबाई मात्र त्या गाडीत कधी बसली नाही. तिचं माहेर राहू, दौंड तालुक्यात. माहेरी जायचं तर ती माझ्या एसटीत बसायची आणि पुढं आणखी दोन गाड्या बदलायची. एकदा मीच छेडलं, "वहिनी, दारात मोटार असून आमच्या लाल डब्यात?"

ती हसली नाही. म्हणाली, "माजा बाप आजारी हाय म्हून निरोप आला, तवा आमी मेंढरं घिऊन शिरसगावाकडं व्हतो. मेंढरं कुणावर टाकायची? तशीच घिऊन निघालो. जिथं पाणी दिसलं तिथं मेंढरं थांबली. मेंढरं थांबली म्हून आमी थांबलो. राहूत पोचलो तवा राख बी सावडून झालती. बापाच्या तोंडात पाणी घालायचं माज्या नशिबात न्हवतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता आई थकलीय. तिच्या येळंला मला कुठल्या पाणवठ्यावर थांबायचं न्हाई. ही गाडी राहूपतूर पाण्याला एकदाबी न थांबता गेली, तर बसंन. न्हाईतर इकून टाका म्हनावं."

मला वाईट वाटलं. रात्री निरोप आला तर आमची एसटी तिच्या कामाची नाही, हे कंडक्टर असूनही मला कबूल करावं लागलं.

मी आबांना तिचं बोलणं सांगितलं. तिच्या मनात हे इतकी वर्षं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ते शिरूरला मार्केट यार्डाजवळच्या म्हस्कू मेकॅनिककडं गेले.

म्हस्कूनं रेडिएटरला झाळून डाग दिला. पाणी जातच राहिलं. त्यानं रबरी पाइप बदलले. तरी जातच राहिलं. गाडीखाली थेंब नाही, इंजिनवर ओल नाही आणि मलठण आलं की रेडिएटर रिकामा. म्हस्कू चिडून म्हणाला, "आबा, पाणी पिऊन ही गाडी मुतत कशी न्हाई?"

त्याची चूक नव्हती. चूक आबांची होती, आणि ती आबांसारख्यालाच सुचली असती. दमून आलेलं जनावर वैद्यापुढं लगेच उभं करायचं नसतं, म्हणून ते गाडी आधी यार्डाच्या लिंबाखाली लावायचे, बॉनेट उघडून वारा लागू द्यायचे, स्वतः चहा घ्यायचे आणि ती पार गार झाली की मग म्हस्कूला हाक मारायचे. गार इंजिनात पाण्याला जोर नसतो. म्हस्कूपुढं गाडी कायम धडधाकट.

शेवटी म्हस्कू म्हणाला, "हळद टाका पाण्यात. बारीक भोक आसंल तर बुजंल." हा इलाज सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. आबांकडं हळद नव्हती, कमरेच्या पिशवीत जेजुरीचा भंडारा होता. त्यांनी "येळकोट" म्हणून तो अख्खा रेडिएटरमध्ये ओतला आणि गावाकडं निघाले.

भोक बुजलं नाही. एवढंच झालं, की घरी येऊन बॉनेट उघडलं तर आतलं सगळं पिवळं. पंख्यानं जिकडंतिकडं शिंतोडे उडवले होते. माझी सुट्टी होती, मी बघायला गेलो. खंडोबा इंजिनात उतरल्यासारखा दिसत होता. आबा सवयीनं म्हणाले, "जरा निवू द्या तिला."

पण तानुबाई घरातून आली, तिनं पाहिलं आणि ती भडकली. "देवाचा भंडारा आन् काळ्या वंगणात? लाज वाटती का?" तिनं बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण खळबळला आणि गाडी निवायची वाट न बघता फडक्यानं इंजिन घासायला लागली. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तसं सगळं लालेलाल झालं. ती धूत गेली, लाल निघून गेलं. एका जागी मात्र निघेना. पंख्याच्या मागं, पाण्याच्या पंपाच्या पोटाखाली लाल रेघ उमटायची. ती पुसायची, पुन्हा उमटायची.

"हितनं येतंय," ती म्हणाली. तिला अजून राग होता, म्हणून आवाजात कसलाही आनंद नव्हता.

आबा वाकून बघत राहिले. मीही बघितलं. पंपाच्या खाली करंगळीही जाणार नाही असं एक भोक होतं, त्यातून गरम पिवळं पाणी हळूहळू बाहेर येत होतं. गाडी पळताना पंखा ते सगळं उडवून देत असणार आणि तापलेलं इंजिन वाळवून टाकत असणार. जमिनीवर थेंब येणार कुठून?

म्हस्कूला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "ते भोक कंपनीनंच ठेवलेलं आसतंय, आबा. आतलं सील गेलं की पाणी हितनं येऊन सांगतंय. तुमी तिला इसावा देऊन गप करीत व्हता." त्यानं नवा पंप बसवला, रेडिएटर धुऊन घेतला आणि या वेळी गाडी तापवूनच तपासली. भोक कोरडं राहिलं.

आता परीक्षा. पहाटे निघताना पंच म्हणून मला पुढच्या सीटवर बसवलं, कारण थांबे मोजायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. तानुबाई मागं बसली. मांडीवर पाण्याचा कॅन घट्ट धरलेला, धुऊन-पुसून, घरच्या माठातलं पाणी गाळून भरलेला. "लागलं तर?" एवढंच म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

मलठणचा ओढा आला. आबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. "चला," मागून आवाज आला. शिरूर गेलं. न्हावऱ्याची विहीर आली, पुन्हा पाय गेला, पुन्हा "चला." भीमेच्या पुलावर आबांनी नदीकडं असं बघितलं, की मला त्यांची दया आली. तापमानाचा काटा मधेच स्थिर होता. बॉनेटमधून वाफ नाही, काही नाही. तानुबाई नदीकडं न बघता समोर बघत होती, दोन्ही हात कॅनवर.

राहूत गाडी थेट तिच्या भावाच्या अंगणात शिरली. तिची आई धुरपदा ओट्यावर शेंगा फोडत होती. डोळ्यांना कमी दिसायचं. "कोन गं?"

"मी तानू."

"इतक्या सकाळी? कुठं मुक्काम केलता?"

"कुठंच न्हाई. सरळ आले."

म्हातारीला पटलं नसावं. तिनं लेकीचं तोंड चाचपलं, आणि मग शेंगांच्या टरफलांनी घसा सुकला म्हणून पाणी मागितलं. सून घरात तांब्या आणायला गेली. तानुबाई थांबली नाही. तिनं कॅनचं बूच काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि आईच्या तोंडाला लावलं. म्हातारी प्याली. तानुबाईनं पुन्हा ओंजळ भरली. आबा उगाच टायर बघायला गाडीमागं गेले.

"थंड हाय," म्हातारी तोंड पुसत म्हणाली. "कुठलं गं पाणी?"

"गाडीचं," तानुबाई म्हणाली. "लागलं न्हाई तिला."