खालचा पिवळा

बी.ए. होऊन मी पनवेलला आमच्याच शाळेत शिकवायला लागलो. घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच. संध्याकाळी मी आमच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे तैलरंग शिकत असे. ते आकृती नसलेली, नुसत्या रंगांची चित्रं काढत. मला चित्र बघायला शिकवलं ते त्यांनीच.

एका पावसाळ्यात ते म्हणाले, मुंबईच्या प्रदर्शनाला त्यांच्या चित्रांबरोबर माझंही एक नेतील. मी मिठागराचा उजेड रंगवायला घेतला. वडील तिथेच राबत, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाण्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येत नसे. आधी कॅनव्हासभर पातळ पिवळा दिला. तो वाळल्यावर करडा आणि निळा. उजेड दिसेना म्हणून वर पांढरा दिला, मग आणखी पांढरा. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मीठच मीठ झालंय. पानी कुठं हाय?"

मला राग आला, पण चित्र चुना दिलेल्या भिंतीसारखं सपाट झालं होतं हे खरं.

मास्तर बघायला आले. नेण्यासारखं आहे म्हणाले. उजेड का येत नाही, असं मीच विचारलं.

"तू तो वरून लावतोयस. उजेड खाली होता, तो बुजवलास."

पिवळ्यावरचे सगळे रंग अजून ओले होते, खरवडले तर निघाले असते. पण त्या जागी दिलेला नवा रंग पावसाळी हवेत वेळेत वाळणार नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि निर्णय माझ्यावर सोडून गेले.

प्रदर्शनाच्या यादीत छापलेलं माझं नाव वडिलांना दाखवायचं होतं. त्यांना वाचता येत नसे. मी बोट ठेवून दाखवलं असतं. काही दिवस मी चित्राकडे फिरकलो नाही. मग सुरीने पिवळ्यापर्यंतचे सगळे रंग काढले. तेलात पातळ केलेला गडद निळा पिवळ्यावरून फिरवला, तो हिरवट झाला. मधे एका जागी पिवळा उघडाच ठेवला. भोवतालचा रंग पुढे आला आणि तो पिवळा आत, लांब गेला.

निघायच्या दिवशी मास्तरांनी चित्राच्या कडेला बोट लावलं. बोट निळं झालं.

"हे येणार नाही," ते म्हणाले. मग फडक्याला बोट पुसत चित्रासमोर बसले, ते बसूनच राहिले. त्यांची एस.टी. चुकली. पुढच्या गाडीने गेले.

यादीत नाव आलं नाही, म्हणून वडिलांना चित्रच दाखवलं. जेवायला बसता बसता त्यांनी थांबून पाहिलं.

"ही दुपार हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.