साहेबी पावाची चव

राहीबायला कशाचा तरी संशय आला नाही, असा एक दिवस मला आठवत नाही. ती माझी थोरली जाऊ. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या घरात आम्ही दोघीच असायचो, दोघींचे नवरे मुंबईला. माझा केरू गिरणीत, आणि तिचा महिपत, म्हणजे माझे थोरले दीर, एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. मासेवाली दारात आली की राहीबाय आधी माशाचे कल्ले उघडून बघायची, मग मासेवालीच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "ह्यो कालचा." ती बिचारी मांडवीपासून उन्हातून पाटी घेऊन आलेली असायची. शिव्या घालत निघून जायची, आणि आम्ही त्या दिवशी कुळथाच्या पिठीवर भागवायचो. मला त्याचा फार राग यायचा. अजून आठवलं की येतो.

पण तिचा खरा संशय एकच होता. महिपतने मुंबईत दुसरी बाई ठेवली आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. वाडीतल्या जनीचा नवरा असाच परळला दुसरा संसार मांडून बसला होता, आणि जनी त्याच्याबद्दल विहिरीवर इतक्या वेळा बोलली होती की आता बोलताना रडतही नव्हती. राहीबाय घागर भरता भरता ऐकायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. दर शिमग्याला नवरा आला की ती म्हणायची, "मला मुंबईला न्या." तो म्हणायचा, "बंगल्यामागं एक खोली. तू थय काय करणार?" झालं, पुढच्या शिमग्यापर्यंत कुढायला तिला तेवढं पुरायचं.

चौतीस साली भातं झोडून झाली होती, शिमगा कुठल्या कुठे होता, आणि महिपत डोक्यावर ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता.

"इतक्यात कसे आलात?" राहीबायने विचारलं. पाण्याचा तांब्या तिच्या हातातच होता.

"ताप आला होता. साहेबाने सुट्टी दिली."

ताप येऊन गेलेल्या माणसाला घरी आल्यावर बरं वाटायला हवं. हा मात्र आमच्या नजरेला नजर देईना. तो विहिरीवर आंघोळीला गेला तशी राहीबायने ट्रंक उघडली. मी नको नको म्हणत होते आणि डोकावतही होते. आत एक काळपट लाल दारूची बाटली होती आणि एक गोल डबा. डब्याचं झाकण काढलं तर आत पिवळा गोळा, त्याला आंबलेल्या दुधाचा वास. लुगडं नव्हतं, चोळीचा खणही नव्हता.

"बायकोला काय नाय आणलं," राहीबाय म्हणाली. तिने डब्याचं झाकण परत दाबून बसवलं.

दुपारी तिने आमटी केली आणि मुद्दाम मीठ घातलं नाही. मी तोंडात घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. तिने डोळ्यानेच गप्प केलं. महिपतने ताट चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाला, "झकास झालीय."

"बघितलंस?" आत आल्यावर ती माझ्या कानाशी लागली. "दहा वर्षात कधी झकास म्हणाले नायत. काय तरी लपवल्याबिगर नवरा अळणी आमटीला झकास म्हणेल काय?"

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच आमटीत मूठभर मीठ लोटलं. तोंडात धरवेना इतकं. महिपतने भात कालवला, खाल्ला आणि पुन्हा म्हणाला, "आज पण झकास."

राहीबायचं तोंड उतरलं. हा माणूस काहीतरी लपवतो आहे खरा, पण ते बाईमाणसाचं नव्हे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. "तुमाला चव लागत नाय."

तो ताटाच्या जागेकडे बघत बसला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तापात जीभ गेली होती. नाकही गेलं होतं. साहेबाला अजून पत्ता नव्हता. पण मडमेने नाताळच्या जेवणासाठी तिच्या मुलखातला एक पदार्थ सांगितला होता, तो चुकला तर सगळं उघडं पडणार होतं. चव न लागणाऱ्या खानसाम्याला कोण ठेवणार? म्हणून तो सामान घेऊन घरी आला होता. राहीने चाखून सांगावं, त्याने माप बसवावं आणि परत जावं.

"काय पदार्थ?" तिने विचारलं.

"पाव. मधी मटण घालून. बर्गर म्हणतात."

पाव! आमच्याकडे तेव्हा पाव खाल्ला की माणूस बाटला असं धरत. महिपत पावाला फक्त हात लावतो, तोंड लावत नाही, असं आम्हीच गावात सांगून ठेवलं होतं. आता गावकीत कळलं तर वाळीत टाकायला कुणी मागेपुढे बघितलं नसतं. वर दारू. राहीबायने दिवसभर घर सारवून काढलं. मग म्हणाली, "मटण मी सांगेन त्याच्याकडून येईल. बोकड माझ्यासमोर कापला पायजे." साहेबाच्या मटणावर तिचा भरवसा नव्हता.

वाडीतल्या लवूने बोकड कापला तेव्हा ती शेजारी उभी होती. पाव महिपतने रत्नागिरीतून धोतराच्या घडीत लपवून आणले. मागचं दार लावून घेतलं आणि माझे दीर आमच्या चुलीपुढे बसले. पुरुषमाणूस चुलीपुढे इतका सराईत बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मटण सुरीने बारीक, अगदी लोण्यासारखं होईतो चिरलं. त्यात कांदा, मिरपूड, मीठ आणि ती लाल दारू घालून झाकून ठेवलं. आणखी थोडी दारू कांद्याबरोबर आटवून जामासारखी घट्ट केली. मग मटणाच्या चपट्या वड्या थापून तव्यावर टाकल्या, उलटल्या, वर त्या पिवळ्या गोळ्याची, त्याला चीज म्हणतात म्हणे, पातळ कापटी ठेवली आणि झाकण घातलं. ती कापटी वितळून कडेने ओघळली. पाव तुपात शेकला. आधी त्यावर दारूचा कांदा, मग वडी, वर दुसरा पाव.

तेवढ्यात बाहेर जनीची हाक. "काय गो राहीबाय, कसला वास येतोय?"

"औषध उकळतंय! ह्यांच्या तापाचं!" राहीबाय आतूनच ओरडली. जनी बराच वेळ अंगणातून हलली नाही.

ती गेल्यावर राहीबायने देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि एक घास घेतला. चावताना तिच्या भुवया वर गेल्या. तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा. महिपत तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता.

"खारट," ती म्हणाली.

उरलेला तुकडा तिने माझ्या हातात दिला. मी कोपऱ्यात जाऊन खाल्ला. खारट? मटण तोंडात विरघळत होतं, त्या चीजचा उग्रपणा दारूच्या आंबटगोड कांद्यात कुठल्या कुठे गेला होता. मी हात धुवायला गेले ते बोटं चाटत. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. तिला असं कसं लागलं, मला कळेना.

दोन दिवसांनी दिरांनी तो पाव पुन्हा केला. "दारू जास्त झाली," ती म्हणाली. त्यानंतरच्याला म्हणाली, "चीज मिळून येत नाय." तोही तितकाच चांगला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला जिभेने नाही लागत, तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. माप बसलं की नवरा जाणार, आणि बंगल्यामागच्या खोलीत पुन्हा कोण असेल कुणाला ठाऊक. मला तिचा संताप आला. घरच्या माणसाच्या पोटावर पाय देऊन कसला संशय फेडतेस, असं तिला तोंडावर म्हणावंसं वाटलं. पण जनीचा विहिरीवरचा कोरडा चेहरा आठवायचा आणि मी भांडी घासायला घ्यायचे.

दारू बाटलीच्या तळाशी आली तसा महिपत एका सकाळी म्हणाला, "मला एकट्याला नाय जमायचं. तुला यायला लागंल."

राहीबायने ओचा खोवला आणि आत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. ते इतक्या झटपट झालं की गाठोडं आधीच अर्धं बांधलेलं असावं असा मला दाट संशय आहे.

मी त्यांना पोचवायला मांडवीच्या बंदरावर गेले. आगबोट लांब उभी होती, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. राहीबाय सगळ्यांच्या पुढे जाऊन पडावात बसली आणि तांडेलाला विचारू लागली, ह्या होडीत पाणी शिरत नाही ना, ह्याआधी कधी उलटली होती काय. माझे दीर ट्रंक उचलायला मागे राहिले.

थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही, ती आमची रीत. पण समुद्राकडे बघत ते म्हणाले, "पयल्याच दिवशी चांगला झाला होता ना?"

मी पदर पुढे ओढला. मग म्हटलं, "होय."

"ठाऊक हाय मला. खारट लागलेलं माणूस दुसरा घास घेतं काय? हिने तीन घेतले."

"मंग माप तर तुमच्या हातात आलं होतं. एकटे गेला असतात तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

"मंग तिला कशाला न्हेता?"

त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली. "तापात पडलो तवा खोलीत पाणी द्यायला कोण नव्हतं गो. हिचीच आठवण यायची." मग घाईने म्हणाले, "पण तिला ह्यातलं काय सांगू नको. जिभेसाठी न्हेतोय, तेच तिला खरं वाटेल. आठवण आली म्हटलं, तर 'काय लपवायला असं बोलताव?' म्हणून मुंबई येईस्तोवर माझं डोकं खाईल."

ते पडावात चढले. मला हसूही आलं आणि राहीबायचा हेवाही वाटला. माझ्या केरूला माझी कधी आठवण येत असेल का, हे विचारायला मला कुणीच नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. वल्ही पडली, पडाव हलला, आणि राहीबायने वळून आधी नवऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय बोलत होते गो ते तुझ्याशी?" ती ओरडली.

"काय नाय!" मी ओरडले.

तिचा विश्वास बसला नाही, ते मला काठावरूनही दिसत होतं.